कुलाब्याच्या वेधशाळेतील विद्यार्थी

वेधशाळा पाहावयास गेलेली विद्यार्थ्यांची सहल पुष्कळदा थोडीशी हिरमुसली होऊनच परत येते. वेधशाळा म्हटली म्हणजे प्रचंड दुर्बीण, फिरता घुमट, असे काही तरी भव्य पाहावयास मिळेल या आशेने मुले घरून निघालेली असतात. आणि प्रत्यक्ष पाहतात तो अंगणात झिलमिलीची एक पांढरी लाकडी पेटी, तीत टांगलेले चार उष्णतामापक, पलीकडे पर्जन्यमापकाचे भांडे आणि आतल्या खोलीत भिंतीला लावलेली पाऱ्याची एक नळी! अर्ध्या तासात सर्व पाहून होते. “रोज रोज हेच पाहून काय मिळते?” असे एखादा धीट मुलगा विचारतो. प्रश्न उद्धटपणाचा नाही. अगदी रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर यंत्रांपाशी मिळत नाही. ते जुन्या नोंदवह्यांत मिळते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचा इतिहास हे त्या प्रश्नाचे एक चांगले उत्तर आहे. कारण तेथे विद्यार्थी प्रथम आले ते प्रेक्षक म्हणून नव्हे, तर निरीक्षक म्हणून.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली. तेव्हा कुलाबा हे मुंबईला जोडलेले नव्हते. ओहोटीच्या वेळी चालत जावे आणि भरती आली म्हणजे होडी शोधावी, असा प्रकार होता. कॉजवेचा रस्ता तयार झाला तो १८३८ साली. वेधशाळेचा मूळ उद्देश ज्योतिषाचा होता. बंदरात येणाऱ्या जहाजांस अचूक वेळ कळावी, नौकानयनास उपयोगी असे ताऱ्यांचे वेध घेतले जावे, एवढ्यासाठी तिचा खटाटोप होता. परंतु पहिली कित्येक वर्षे तिच्या हातून नाव घेण्यासारखे फारसे काही झाले नाही. इमारत होती, यंत्रेही होती. नव्हता तो नित्य कामाचा परिपाठ.

तो परिपाठ आला एका निराळ्याच विषयाच्या निमित्ताने. लोहचुंबकाची सुई उत्तर दाखविते हे खलाशांस शेकडो वर्षे ठाऊक होते. पण ती अगदी स्थिर कधीच नसते, दिवसाच्या ओघात किंचित् इकडे तिकडे सरते आणि एखादे दिवशी तर वेड्यासारखी थरथरते, हेही हळूहळू ध्यानात आले होते. याचे कारण काय? एका ठिकाणी बसून हे कोडे सुटणारे नव्हते. जर्मनीत हुंबोल्ट व गाउस यांनी असा आग्रह धरला की, पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांत एकाच क्षणी वेध घेतले पाहिजेत. इंग्लंडात सॅबाइन प्रभृतींनी ही कल्पना उचलून धरली. टोरांटो, सेंट हेलेना, केप ऑफ गुड होप, होबार्ट या ठिकाणी ब्रिटिश सरकारने चुंबकीय वेधशाळा उभारल्या, आणि पूर्वेकडील काम कंपनीने पत्करले. अशा रीतीने १८४१ साली कुलाब्यास चुंबकशक्तीचे व हवामानाचे वेध सुरू झाले.

आता यंत्रे विलायतेहून आणविता येतात. पण अहोरात्र दर तासास त्यांच्यापाशी बसणारी माणसे कोठून आणावी? येथे कुलाब्याच्या इतिहासात विद्यार्थ्यांचा प्रवेश होतो. वेधशाळेची व्यवस्था त्या वेळी ऑर्लेबार नावाच्या प्रोफेसरांकडे होती. ते एल्फिन्स्टन संस्थेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. त्याच संस्थेत ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर अध्यापन करीत असत. या दोघांच्या हाताखाली शिकलेला, अलिबागजवळील नागाव गावचा एक मुलगा १८४० च्या सुमारास, वयाच्या पंधरासोळाव्या वर्षी, दरमहा पन्नास रुपयांवर वेधशाळेत नोकरीस राहिला. त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. पुढे महाराष्ट्र त्यास केरूनाना या नावाने ओळखू लागला.

पन्नास रुपये हा त्या काळी मोठा पगार होता. पण कामही हलके नव्हते. सर्व जगातील वेध एका क्षणी घेण्यासाठी सर्वांचे घड्याळ एक हवे. ते घड्याळ जर्मनीतील गॉटिंगेन या गावचे ठरले होते. कारण गाउस तेथे होता. गॉटिंगेन आणि मुंबई यांच्या वेळांत सुमारे चार तास अकरा मिनिटांचे अंतर आहे. म्हणजे तिकडे मध्यरात्रीचे बारा वाजले की इकडे पहाटेचे चार वाजून अकरा मिनिटे झालेली असत. शिवाय काही ठराविक दिवस असे नेमलेले होते की, त्या दिवशी चोवीस तासपर्यंत काही काही मिनिटांच्या अंतराने, जगाच्या पाठीवरील सर्व ठिकाणी, एकाच वेळी आकडे लिहिले जावयाचे. टोरांटोत बर्फ पडत असो वा मुंबईस आषाढाची झड लागलेली असो, वेळ चुकता उपयोगी नव्हती.

वेध घेण्याची रीतही नाजूक होती. चुंबक रेशमाच्या तंतूवर टांगलेला असे. त्याजवळ जाऊन पाहणे शक्य नाही. कारण श्वासाने, अंगच्या उष्णतेने अथवा कमरेच्या किल्ल्यांनीही तो हालावयाचा. म्हणून दूर बसून लहान दुर्बिणीतून मोजपट्टीवरील रेघ वाचावयाची. चुंबक झुलत असला तर त्याच्या दोन टोकांच्या जागा पाहून मधली जागा काढावयाची. त्यानंतर उष्णतामापक पाहावयाचा. कारण उष्णतेने चुंबकाचे बळ कमी होते आणि ती वजावट पुढे हिशोबात धरावी लागते. मग वायुभारमापक, कोरडा व ओला उष्णतामापक, वाऱ्याची दिशा, ढगांची स्थिती. हे सर्व झाले म्हणजे तासाभराने पुन्हा तेच.

अशा कामाने माणूस काय शिकतो? एक उदाहरण पुरेसे आहे. मुंबईस वायुभारमापकातील पारा रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो उंच असतो, दुपारी चारच्या सुमारास खाली येतो. रात्री दहास पुन्हा चढतो आणि पहाटे चारला पुन्हा उतरतो. हा चढउतार इतका लहान आहे की, दिवसाकाठी एकदा पाहणारास तो कधीच दिसावयाचा नाही, आणि दोन दिवस पाहणारास तो योगायोग वाटावयाचा. परंतु जो तासातासाने पाहतो आणि महिनोन्महिने पाहतो, त्यास तो समुद्राच्या भरतीओहोटीइतका स्पष्ट दिसतो. सूर्याच्या उष्णतेने साऱ्या वातावरणात उठणारी ही लाट आहे. ती डोळ्यांस दिसत नाही, कानांस ऐकू येत नाही. ती फक्त वहीत दिसते. म्हणूनच वेधशाळेचे खरे यंत्र कोणते असे विचारले, तर ‘नोंदवही’ असे उत्तर द्यावे लागेल.

या वहीचा एक कडक नियम असतो. एखादा तास चुकला तर ती जागा कोरी सोडावी. मागचा व पुढचा आकडा पाहून मधला आकडा अंदाजाने भरू नये. कोरी जागा वाचणाराची फसवणूक करीत नाही. अंदाजाचा आकडा मात्र कायमची करतो. रात्री तीन वाजता, कोणी पाहत नसता, हा नियम पाळणे ही परीक्षा कोणत्याही विद्यापीठाच्या परीक्षेहून सोपी नाही. मुंबई विद्यापीठ निघाले १८५७ साली. ही परीक्षा त्याच्या आधी सोळा वर्षे कुलाब्यास सुरू झाली होती.

केरूनाना तेथे सुमारे दहा वर्षे राहिले आणि नंतर पुण्यास शिक्षणखात्यात गेले. पुढे डेक्कन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. बाळ गंगाधर टिळक हे तेथील त्यांचे शिष्य. कुलाब्याची सवय त्यांनी बरोबर नेली होती असे त्यांच्या पुढील कामावरून म्हणता येते. महाराष्ट्रातील पंचांगे त्या काळी मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या १५२० च्या सुमाराच्या ग्रंथावरून होत असत. ग्रंथ अत्यंत बुद्धिमत्तेचा. पण सुमारे साडेतीनशे वर्षांत लहान लहान चुका साचून गणिताचा ग्रह आणि आकाशातील ग्रह यांची फारकत झाली होती. अशा वेळी पोथी खरी की आकाश खरे, हा प्रश्न टाळता येत नाही. केरूनानांनी आकाशाची बाजू घेतली. १८६० साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि १८६५ पासून, आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने, दृक्प्रत्ययास जुळणारे पंचांग छापले जाऊ लागले. ते ‘पटवर्धनी पंचांग’ या नावाने प्रसिद्ध आहे. ते सर्वांनी स्वीकारले असे मुळीच नाही. त्यावर पुष्कळ वाद झाले. परंतु त्या वादात पहिल्यानेच एका बाजूस असा मनुष्य होता की, ज्याने ऐन उमेदीची दहा वर्षे यंत्रापुढे बसून ‘दिसते तेच लिहावयाचे’ हा धडा गिरविला होता.

केरूनाना गेले तरी कुलाब्याची वही थांबली नाही, आणि तिची खरी कसोटी लागली ती १८५९ साली. त्या वर्षी १ सप्टेंबर रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन नावाचा ज्योतिषी सूर्यावरील डागांचे चित्र काढीत बसला असता, डागांच्या एका समूहावर डोळे दिपविणारा पांढरा प्रकाश त्याला काही मिनिटे दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीच्या चुंबकशक्तीत असा काही क्षोभ झाला की, युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली, तारमास्तरांस विजेचे धक्के बसले, आणि ध्रुवाजवळ दिसणारे प्रकाश उष्ण कटिबंधाजवळच्या क्यूबासारख्या बेटांवरही दिसले. मुंबईस त्या वेळी २ सप्टेंबरची सकाळ होती. वेधशाळा भारतीय आरमारातील लेफ्टनंट फर्ग्युसन यांच्या देखरेखीखाली चालत असे. चुंबक नेहमीसारखा वागत नाही असे दिसताच तासाची वाट न पाहता थोड्या थोड्या मिनिटांनी आकडे लिहिण्याचा तेथे शिरस्ता होता, आणि त्या दिवशी तो पाळला गेला.

त्या नोंदीचे महत्त्व पुरते कळावयास जवळजवळ दीडशे वर्षे लागली. २००३ साली अमेरिका, ब्राझील व भारत येथील शास्त्रज्ञांनी मिळून कुलाब्याचे ते आकडे पुन्हा तपासले. चुंबकशक्तीचा क्षितिजसमांतर घटक दुपारपूर्वी सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे मुंबईच्या नेहमीच्या मानाने सुमारे चार टक्क्यांनी, एकाएकी खाली आला आणि थोड्याच वेळात बराचसा वर गेला, असे त्यांवरून दिसले. १९८९ च्या मार्च महिन्यात अशाच एका वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास बंद पाडली होती. त्या वादळाची जगभरची सरासरी मात्रा सहाशे नॅनोटेस्लांच्या आतच होती. कुलाब्याचा आकडा एकाच ठिकाणचा असल्यामुळे या दोहोंची तुलना जपून करावयास हवी. आणि त्या एकाएकी झालेल्या उतारापैकी किती भाग पृथ्वीला दूरवरून वेढणाऱ्या विद्युत्प्रवाहाचा व किती भाग जवळच्या प्रवाहांचा, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत. परंतु वाद करावयास आधी आकडा हवा, आणि विषुववृत्ताच्या बाजूचा तो महत्त्वाचा आकडा कुलाब्याच्या वहीने पुरविला.

यात एक नवल आहे. युरोपातील काही वेधशाळांत त्या वेळी प्रकाशलेखनाची नवी यंत्रे होती. चुंबकावरील आरशातून परतणारा किरण फिरत्या कागदावर आपोआप रेघ उमटवी. पण त्या दिवशी काही ठिकाणी किरण कागदाच्या कडेबाहेरच गेला आणि ऐन वादळाची रेघ हरवली. कुलाब्यास तोपर्यंत ते यंत्र आलेले नव्हते. तेथे माणसाचा डोळा होता, आणि तो चुंबकाच्या मागोमाग गेला. नवीन यंत्र नको असा याचा अर्थ नाही. चार्ल्स चेंबर्स यांच्या कारकिर्दीत, १८७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत, कुलाब्यासही तसली यंत्रे आली आणि त्यांनी मोठे काम केले. अर्थ एवढाच की, यंत्र कोणतेही असो, त्याच्यापाशी जागे मनुष्य लागते.

आकडे असे महत्त्वाचे. पण ते लिहिणारांचे काय? पहिली पन्नास-पंचावन्न वर्षे वेधशाळेचा प्रमुख युरोपियन असे, कधी प्रोफेसर, कधी वृत्तपत्राचा संपादक, कधी आरमारी अधिकारी. डॉक्टर बुइस्ट हे तर ‘बाँबे टाइम्स’चे संपादक होते, आणि १८४२ पासून काही वर्षे वेधशाळाही त्यांच्याकडे होती. ग्रंथांच्या पहिल्या पानावर अशांची नावे छापली जात. आतील हजारो आकड्यांवरून मात्र रात्रीचा पहारा कोणी केला हे कळत नाही. केरूनानांचे नाव राहिले ते त्यांनी पुढे ग्रंथ लिहिले म्हणून. वहीत त्यांचा आकडा आणि दुसऱ्या कोणा सहाय्यकाचा आकडा यांत काही भेद नाही. वेधशाळेचे पूर्ण प्रमुखपद एका हिंदी माणसाकडे आले ते १८९६ साली. एडिंबरो येथे शिकून आलेले नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे ते गृहस्थ होत.

मूस यांच्यापुढे लवकरच एक मोठे संकट उभे राहिले, आणि ते आकाशातून नव्हे, रस्त्यावरून आले. मुंबईच्या ट्राम १८७४ पासून घोडे ओढीत असत. त्या आता विजेवर चालावयाच्या होत्या. ट्रामला पुरविलेली वीज रुळांतून परत जाते. पण सगळी रुळांतूनच जात नाही, काही जमिनीत झिरपते, आणि जेथे विद्युत्प्रवाह तेथे चुंबकत्व हा निसर्गाचा नियमच आहे. म्हणजे गाडी कुलाब्यास आली की चुंबक हालणार आणि वहीत सूर्याचे वर्तमान उतरण्याऐवजी ट्रामचे वेळापत्रक उतरणार! शहराची सोय थांबविणे योग्य नव्हते, आणि साठ वर्षांची मालिका तोडणेही योग्य नव्हते.

मूस यांनी दोन्ही साधले. मुंबईपासून दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरांवर समुद्रकाठी अलिबाग येथे त्यांनी नवी जागा पसंत केली. कोकणातील काळा दगड लोहयुक्त, म्हणून इमारतीस पोरबंदरचा दगड आणिला. खिळे, बिजागऱ्या वगैरे सर्व लोखंडाविरहित. परंतु त्यांचे खरे शहाणपण पुढेच दिसते. अलिबागचे काम १९०४ साली सुरू झाल्यावर त्यांनी कुलाब्याचे लगेच बंद केले नाही. दोन्ही ठिकाणी १९०६ पर्यंत एकाच वेळी वेध घेतले. नवा पाट जोडताना जुना पाट काही काळ वाहता ठेवावा, तसे हे झाले. दोन्हींतील अंतर नेमके कळल्यामुळे कुलाब्याची मालिका अलिबागेत अखंड पुढे गेली. विजेची पहिली ट्राम मुंबईत १९०७ साली धावली, तेव्हा चुंबक अलिबागेस सुरक्षित होते. पुढे १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांचे चुंबकीय वेध दोन मोठ्या खंडांत प्रसिद्ध केले, आणि कोठडीतील वह्या जगाच्या उपयोगी पडल्या. नागावचा मुलगा ज्या कामासाठी खाडी ओलांडून कुलाब्यास गेला होता, ते काम अशा रीतीने त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी त्याच्या गावाच्या शेजारी आले.

आज अलिबागची वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. ही संस्था १९७१ साली स्वतंत्र झाली. हवामानाचे वेध कुलाब्यासच चालू राहिले, आणि त्यांचीही साक्ष वेळोवेळी लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर. एका शहराच्या दोन टोकांस एवढे अंतर पडू शकते हे दोन भांडी रोज मापली जात होती म्हणूनच कळले. याच्या उलट, १८८२ च्या जून महिन्यात मुंबईवर चक्रीवादळ येऊन लाख माणसे मेली अशी एक हकीकत पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. अलीकडे शास्त्रज्ञांनी तिचा शोध घेतला, तेव्हा तिला समकालीन आधारच सापडला नाही. असे वादळ झालेच नसावे असा त्यांचा निष्कर्ष आहे. मागाहून सांगितलेली गोष्ट केवढीही होऊ शकते. त्या दिवशी लिहिलेली नोंद मात्र आपल्या मापाने राहते.

तेव्हा वेधशाळा पाहावयास गेलेल्या सहलीतील त्या मुलाचा प्रश्न, ‘रोज रोज हेच पाहून काय मिळते?’, याचे उत्तर असे की, पाहणारास त्या दिवशी बहुधा काहीच मिळत नाही. १८५९ साली ज्याने ते आकडे लिहिले त्यालाही, चुंबक फार हालला, एवढेच समजले असेल. सूर्यापासून निघालेला झंझावात आपण मोजला, हे कळावयास त्याच्यानंतर चार पिढ्या गेल्या. मिळते ते पुढच्यांस, आणि तेही मागच्यांनी गाळलेले नसेल तरच.

शिक्षकांनी अशा सहलीत एवढे जरी केले तरी ती फुकट जाणार नाही: प्रत्येक मुलास झिलमिलीच्या पेटीपुढे उभे करावे, उष्णतामापक त्यालाच वाचू द्यावा, आणि घड्याळ पाहून वेळेसह तो आकडा त्याच्याच हाताने वहीत लिहू द्यावा. शेजारच्या मुलाचा आकडा निराळा आला, तर कोणीही आपला खोडू नये. दोघांनी मिळून पुन्हा पाहावे. कुलाब्यास पंधरासोळा वर्षांच्या केरूनानांचा आरंभ याहून निराळ्या कामाने झाला नव्हता.